राजाच्या गलबतांना सोलापूरचा वारा

चौऱ्याहत्तर सालच्या जूनमध्ये, दुसऱ्या रविवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, ग्रीस देशाच्या एका राजाची लेक सोलापुरात मरता मरता वाचली. एरवी ती प्रत्येक प्रयोगात मरते. तिच्यासाठी गाणंच तसं लिहिलेलं आहे.

पण असं काही झालंच नाही. संगीत समितीच्या इतिवृत्तात 'राजकन्येचा बळी ठरल्याप्रमाणे पार पडला' अशी नोंद आहे, खाली अध्यक्षांची सही आहे आणि सहीवर गोल शिक्का आहे. शिक्का मारलेल्या गोष्टीशी शहाण्यानं वाद घालू नये. तेव्हा ती मेली असं धरून आपण ईरप्पाकडे वळू. त्याच्यापुढं त्या आठवड्यात दुसऱ्याच एका लेकीचा प्रश्न होता.

ईरप्पाचं दुकान नवी पेठेच्या मागच्या बोळात. दुकान म्हणजे एक माणूस आणि दोन पेट्या आत मावतील एवढी जागा. तिसरी पेटी आली की माणूस बाहेर बसायचा. भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, आणि त्यातही भाता हा त्याचा खास विषय. सूर लावणारे सोलापुरात पुष्कळ होते. पण पेटीचा श्वास कुठून फुटतोय हे नुसता गाल जवळ नेऊन सांगणारा ईरप्पा एकटाच. अक्कलकोटपासून माणसं धापा टाकणाऱ्या पेट्या घेऊन त्याच्याकडे येत.

त्याची लेक महादेवी एकोणीस वर्षांची. मॅट्रिक झालेली, आणि मास्तरणींच्या ट्रेनिंग कॉलेजात नाव लागल्याचं पत्र तिच्या उशीखाली. पण त्या पत्राच्या आधी एकोणीस वर्षं एक शब्द दिलेला होता. तिच्या बारशाला तिचा मामा धोंडप्पा, तेव्हा अठरा वर्षांचा, मोहोळहून चांदीचे वाळे घेऊन आला होता. वाळे घालताना म्हाताऱ्या बायकांनी विचारलं, "पोरगी कुणाची रं ईरप्पा?" आणि आनंदाच्या भरात ईरप्पा म्हणाला होता, "मामाचीच की." त्यांच्यात मामाला भाची देतात. त्यामुळं ती थट्टा ठरली नाही, शब्द ठरला.

धोंडप्पा वाईट असता तर काम सोपं होतं. पण तो चांगला होता. मोहोळला त्याचं बी-बियाणांचं दुकान होतं, सुपारीचंही व्यसन नव्हतं, आणि आलेली अकरा स्थळं 'माझं ठरलंय' म्हणून त्यानं परत पाठवली होती. तो एकोणीस वर्षं थांबला होता. आता तो सदतीस वर्षांचा होता, आणि सोमवारी सुपारी फोडायची म्हणून तो रविवारीच बहिणीच्या घरी येऊन बसला होता.

महादेवीनं 'नको' असं कधी म्हटलं नाही. एकदाच, भाकरी वाढताना, तिनं विचारलं होतं.

"अप्पा, शब्द दिला तवा मी कुटं हुते?"

"पाळण्यात."

"मग माझं काय म्हणणं पडलं?"

"तू झोपली हुतीस," ईरप्पा म्हणाला.

ती नुसतं म्हणाली, "मामाच्या खांद्यावर बसून मी गड्ड्याची जत्रा बघितलीया, अप्पा. मला ते मामाच वाटत्यात." मग तिनं आमटी वाढली. त्या दिवसापासून ईरप्पाचं जेवण अर्ध्यावर आलं.

मिशनच्या जुन्या चर्चमध्ये नळ्यांची एक भली थोरली पेटी होती. कुणा साहेबानं ती फार पूर्वी बोटीतून आणवलेली. तिला ऑर्गन म्हणत; ईरप्पा तिला थोरली पेटी म्हणे. तिच्या पोटात वारा भरायला विजेची मोटर बसवलेली होती. पण वीजकपात सुरू होती आणि नेमका रविवार त्या भागाच्या वाट्याला आला होता. त्याच रविवारी चर्चमध्ये संगीत समितीचा कार्यक्रम होता, त्यासाठी पुण्याहून वीस गाणारे यायचे होते. समितीचे चिटणीस ज्ञानबा मास्तर मिशनच्या शाळेतून रिटायर झालेले आणि घाबरट. ते सायकल हाणत ईरप्पाकडे आले.

"हातानं वारा भरता येईल का?"

ईरप्पानं जाऊन पाहिलं. ऑर्गनच्या पाठीमागं, भिंत आणि लाकडी पेटारा यांच्यामधल्या कोनाड्यात, मोटरीच्या आधीच्या काळातला लाकडी दांडा अजून शाबूत होता. तो वर-खाली केला की भाता भरे. भात्याला दोरी बांधलेली, दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा. भाता भरत गेला की गोळा भिंतीवरून खाली येई, रिता होत गेला की वर चढे. भिंतीवर दोन लाल रेघा. गोळा वरच्या रेघेच्या वर गेला की पेटीचा गळा बसतो. खालच्या रेघेच्या खाली आला की भाता फाटू नये म्हणून वरची झडप उघडते आणि जादा वारा बाहेर निघून जातो. त्या झडपेचं कातडं वाळून कडक झालं होतं. ईरप्पानं नवं कातडं स्वतः शिवलं.

रविवारी दुपारी तालीम झाली. पुण्याच्या मंडळींच्या प्रमुख एक बाई होत्या. उंच, चष्मा, हातात छोटी काठी. त्या स्वतः कोनाड्यात येऊन ईरप्पाला समजावू लागल्या. आधी तीनशे वर्षांपूर्वीचं देवाच्या मरणाचं गाणं. मग मध्यंतर. मग ग्रीक राजाचं नाटक.

"नाटक? पडदा कुटं हाय?"

"पडदा नाही. वेष नाही, अभिनय नाही. वही हातात धरून उभ्यानं नुसतं गायचं. राजाची जहाजं बंदरात अडकली आहेत, वारा पडलाय. राजानं देवीला शब्द दिलाय. वारा यावा म्हणून त्याला आपली मुलगी बळी द्यावी लागते."

ईरप्पानं दांड्यावरचा हात काढला.

"वारा कवा येतो म्हणायचा?"

"ती मेल्यावर."

"त्याच्या आदी येत न्हाय?"

"नाही. तसं लिहिलंय."

"पण बाई, वारा तर मीच देणार हाय."

बाईंनी चष्मा वर सारला. "तुम्ही ऑर्गनला द्या," त्या म्हणाल्या. "राजाला नको."

संध्याकाळी चर्च भरलं. पुढच्या बाकांवर मिशनची मंडळी, वह्या उघडून. मागच्या बाकांवर ज्ञानबा मास्तरांनी फुकट पास वाटून जमवलेलं सोलापूर: नवी पेठेतले दोन कापडवाले, गिरणीतले कारकून, आणि ईरप्पाची गिऱ्हाइकं असलेल्या तीन भजनी मंडळांची माणसं. बायकांत सर्वांत पुढं म्हातारी मायाक्का, जिच्या मंडळाची पेटी वर्षातून दोनदा फुटायची. तिच्या शेजारी ईरप्पाची बायको शिवबाई, आणि तिच्या पलीकडं, इस्त्रीच्या सदऱ्यात, धोंडप्पा. छताला तीन पेट्रोमॅक्स टांगलेल्या, गाणाऱ्यांपुढं मेणबत्त्या. कोनाड्यात काळोख, म्हणून शिशाचा गोळा दिसावा यासाठी महादेवी कंदील धरून बापाजवळ उभी.

देवाच्या मरणाचं गाणं सुरू झालं. भाषा ईरप्पाला कळत नव्हती, आणि पेटाऱ्यामागून माणसंही दिसत नव्हती. पण गाणं त्याला कानांतून येतच नव्हतं, दंडांतून येत होतं. बारक्या नळ्या वाजल्या की वारा हळूहळू उपसला जाई, गोळा मुंगीच्या चालीनं वर सरके. मोठ्या नळ्या घुमल्या की कुणीतरी पलीकडून मोठा श्वास ओढल्यासारखा दांडा हलका होई. एका जागी खालचा सूर एकेक पायरी उतरत गेला, पुन्हा वरून, पुन्हा उतरत, थांबेचना. ईरप्पाला आपल्या बापाचं जाणं आठवलं. त्यांच्यातल्या रीतीप्रमाणं त्याला मांडी घालून बसवलं होतं, कपाळाला विभूती लावली होती, आणि पहाटेपर्यंत भजन चाललं होतं. त्या रात्रीही पेटीवर ईरप्पाच होता. गाणं वेगळं होतं, पण मेलेल्याला एकट्याला जाऊ द्यायचं नाही, हे काम दोन्हीकडं एकच होतं. त्यानं दांडा आणखी सावकाश, आणखी नीट चालवला. घाम डोळ्यांत उतरला तेव्हा महादेवीनं पदरानं त्याचं कपाळ पुसलं.

मध्यंतरात ज्ञानबा मास्तरांनी पुढं येऊन नाटकाची गोष्ट मराठीत वाचून दाखवली. जहाजं, पडलेला वारा, देवीला दिलेला शब्द, लेक. शेवटी त्यांनी घसा साफ केला. "रसिकांनी नोंद घ्यावी की बळी प्रत्यक्ष दाखवला जाणार नाही. तो केवळ गायिला जाईल."

मागच्या बाकांवर कुजबुज झाली. मायाक्का मोठ्यानं म्हणाली, "गाऊन मारत्यात व्हय? मग तर लई वेळ लागंल."

आणि वेळ लागला. राजा गायला, तो पुण्यात कुठल्याशा बँकेत होता आणि त्याचा आवाज कोठारासारखा मोठा आणि रिकामा होता. सैनिक गायले, म्हणजे बारा माणसं एकदम गायली. मग ऑर्गन गप्प झाला. हे ईरप्पाला आधीच सांगितलेलं होतं: वारा पडल्याच्या प्रसंगाला ऑर्गन नाही, फक्त एक व्हायोलिन, तेव्हा दांडा सोडायचा आणि बसायचं. गोळा खालच्या रेघेला टेकून स्तब्ध होता. भाता काठोकाठ भरलेला होता आणि त्याचा उपयोग कुणालाच नव्हता.

मग राजाची लेक गाऊ लागली. महादेवी पेटाऱ्याच्या फटीतून पाहत होती.

"किती वर्षांची हाय?" ईरप्पानं हळूच विचारलं.

"माझ्याएवढी दिसती."

"रडती का?"

"न्हाय." महादेवीनं हातातलं छापील पत्रक कंदिलाजवळ नेलं. "हितं लिवलंय. ती म्हणती, बाबा, तुमी शब्द दिलाय, मी तयार हाय."

"खरंच तयार हाय?"

महादेवीनं पुन्हा फटीतून पाहिलं. "दुसरं काय म्हणंल, अप्पा? सगळ्यांची जहाजं अडकल्यात की."

हे ती चिडून बोलली नाही. दुधाचा भाव सांगावा तसं बोलली. ईरप्पानं तिच्याकडं पाहिलं. कंदील खालून असल्यामुळं तिचा चेहरा मोठ्या बाईसारखा दिसत होता. अशी ती आणखी वीस वर्षांनी दिसली असती, मोहोळला, बियाणांच्या पोत्यांजवळ, मामाला जेवायला वाढताना.

तो उठला आणि त्यानं दांडा धरला.

"अप्पा, आत्ता न्हाय. बाईंनी सांगितलंय."

"कंदील वर धर."

त्यानं दांडा हाणला. गोळा लाल रेघेच्या खाली उतरला. त्यानं पुन्हा हाणला. आतल्या फळ्या करकरल्या. पलीकडं ती पोर सावकाश एकेक सूर चढत होती. शेवटच्या सुराला ती मरणार होती, तसं लिहिलेलं होतं. ईरप्पा सगळं अंग टाकून दांडा हाणू लागला, पेट घेत नसलेल्या भट्टीचा लोहार हाणतो तसा. गोळा भिंत सोडून फरशीला टेकला. आणि मग, त्यानं स्वतःच्या हातानं कातडं शिवलेली ती झडप आपोआप उघडली.

वारा आला. थोरल्या पेटीच्या माथ्यावरून तो 'हूऽऽ' करत चर्चभर सुटला, आणि त्याच्याबरोबर साहेबाच्या वेळेपासून साठलेली धूळ. पुढच्या मेणबत्त्या एका बाजूला झुकल्या आणि विझल्या. बाईंच्या पुढ्यातले कागद उडाले, सैनिकांच्या डोक्यांवरून गेले. व्हायोलिनवाला शिंकला. राजाच्या लेकीनं चढता चढता सूर सोडला आणि वर पाहिलं.

नुसता वाऱ्याचा आवाज येत राहिला, कारण ईरप्पा थांबला नव्हता.

"आला की वारा," मायाक्का म्हणाली.

मागची माणसं एकमेकांकडं बघू लागली. गोष्ट सर्वांना सांगितलेली होती. जहाजं कशासाठी अडकली होती ते माहीत होतं. गिरणीतला एक कारकून म्हणाला, "मग आता कशाला मारायचं?" दुसरा म्हणाला, "व्हय की." बाईंनी काठी उचलली, पण कागद नव्हते, आणि राजा मदतीच्या अपेक्षेनं सैनिकांकडं बघत होता. तेवढ्यात मायाक्का उठून मधल्या वाटेनं चालत गेली. कुणी अडवलं नाही. देवळात म्हातारीला अडवत नाहीत, आणि चर्चमध्ये काय रीत आहे ते कुणाला आठवलं नाही. तिनं राजाच्या लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"सुटलीस बाय," ती म्हणाली. "जा आता घरी."

आणि ती पुण्याची पोर, का कोण जाणे, वही मिटून खरंच खाली उतरली.

मागच्या बाकांनी टाळ्या वाजवल्या, चपला शोधल्या आणि ते गेले. मिशनची मंडळी आणखी पाच मिनिटं वह्या उघड्या ठेवून बसली, शेवट लिहिल्याप्रमाणे होईल या आशेनं.

ईरप्पा मागच्या दारानं अंगणात आला. कडुनिंबाखाली शिवबाई आणि धोंडप्पा उभे होते. महादेवी कंदील घेऊन त्याच्या मागंच थांबली.

"दाजी, भाता फाटला व्हय?" धोंडप्पानं काळजीनं विचारलं.

"न्हाय. मीच जादा हाणला."

"का?"

ईरप्पानं पाणी मागितलं नाही, बसायलाही बघितलं नाही. "धोंडप्पा, उद्या सुपारी फोडायला नको."

धोंडप्पा हसला. मग हसू तसंच तोंडावर राहिलं आणि त्या हसण्यामागचा माणूस निघून गेला.

"परवाला?"

"कवाच नको."

"शब्द हाय, दाजी."

"हाय. मी दिला. आता मोडतोय. तुझी चूक काय न्हाय. तुला बोल लावायला गेलो तर माझी जीभ झडंल."

"मग पोरीनं काय सांगितलं?"

"तिनं काय सांगितलं न्हाय. तेच तर."

धोंडप्पानं महादेवीकडं पाहिलं. ती मान खाली घालून उभी होती, पण मागं सरली नाही. तो बहिणीकडं वळला. "अक्का, तुला म्हाईत हुतं?"

शिवबाईला माहीत नव्हतं. पण नवऱ्याला एकटं पाडायचं की भावाला, हे तिला त्या एका क्षणात ठरवायचं होतं. ती नुसती पदराचं टोक पिळत राहिली. धोंडप्पानं तेच उत्तर धरलं.

"मी एकोणीस वरीस थांबलो, अक्का," धोंडप्पा हळू आवाजात म्हणाला. "लोकं इचारायची, मी म्हणायचो, ठरलंय. आता मी त्यास्नी काय सांगू?"

"तम्मा," शिवबाई धाकट्या भावाला म्हणाली, "घरी चल. जेवून जा."

"साकु," तो कानडीत म्हणाला. म्हणजे पुरे. "पंचमीला तुला न्यायला मुऱ्हाळी येणार न्हाय. मोहोळची वाट इसर."

तो पिशवी न्यायलाही घरी आला नाही. अंगणातून थेट एस.टी. स्टँडकडं गेला. त्याची पिशवी महिनाभर खुंटीला होती; मग मोहोळहून कुणी ओळखीचा आला आणि घेऊन गेला.

समितीची सभा गुरुवारी भरली. पुण्याच्या बाईंनी पत्रात 'अपूर्व अनुभव' एवढेच दोन शब्द लिहिले होते, आणि त्यांचा अर्थ लावण्यात सभेचा पहिला तास गेला. मग इतिवृत्त लिहिलं गेलं, ते आपण वर पाहिलंच. बळी पार पडल्याचं ठरल्यावर, बळी का पार पडला नाही याचा लेखी खुलासा ईरप्पाकडून आठ दिवसांत मागवावा, असंही ठरलं. ज्ञानबा मास्तरांना यात विसंगती दिसली, पण ते चिटणीस होते.

ईरप्पानं ते पत्र पेटीच्या ढाच्याखाली ठेवलं. महादेवी कॉलेजात जाऊ लागली. पहिल्या दिवशी ती परत आली तेव्हा तिच्या बोटांना खडू होता आणि ती बोलत सुटली होती. शिवबाई ऐकत होती, हसतही होती. ईरप्पाला वाटलं, निभावलं.

मग नागपंचमी आली. बोळातल्या घराघरांतून बायका माहेरी निघाल्या. कुणाचा भाऊ, कुणाचा पुतण्या न्यायला आला. शिवबाईनं सकाळीच न्हाऊन हिरवं लुगडं नेसलं, पिशवी भरली आणि ती उंबऱ्यात बसली. ती काही विसरलेली नव्हती. बावीस वर्षं त्या दिवशी ती तशीच बसत आली होती, तर अंगाला दुसरं काही सुचलं नाही. दुपार झाली. शेजारणीनं विचारलं, "मोहोळचं अजून कोण आलं न्हाय व्हय?" शिवबाई म्हणाली, "येतील की." दिवस कलला तेव्हा तिनं पिशवी उघडून एकेक लुगडं पुन्हा ट्रंकेत घडी करून ठेवलं, आणि ईरप्पाला विचारलं, "भात टाकू का भाकरी?"

ती त्याला एका शब्दानंही बोलली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. बोलली असती तर त्याला उत्तर द्यायला जमलं असतं.

दुसऱ्या दिवशी ईरप्पानं ढाच्याखालचं पत्र काढलं, महादेवीला कॉलेजची वही आणायला सांगितली आणि खुलासा तोंडी सांगितला. भाषा तिनं सुधारली. मजकूर त्याचा आहे:

"प्रति, मा. अध्यक्ष, संगीत समिती, सोलापूर.

विषय : जादा वारा सोडल्याबाबत खुलासा.

महोदय, आपले पत्र पावले. दिनांक नऊ जून रोजी वारा मी जाणूनबुजून सोडला. भात्यात दोष नव्हता. राजाला वाऱ्याची गरज होती व माझ्याकडे वारा शिल्लक होता, सबब मुलगी देण्याचे कारण उरले नाही असे मला वाटले. राजाचा शब्द मोडला, त्याची जबाबदारी मी घेतो. राजास त्रास देऊ नये.

तथापि आपल्या समितीस झालेली गोष्ट शिक्क्यानिशी न झालेली करता येते असे समजते. तरी नम्र विनंती की, त्याच अधिकारात (एक) मौजे मोहोळ येथील श्री. धोंडप्पा यांची वय अठरा ते सदतीस अशी एकोणीस वर्षे त्यांना न वापरलेल्या स्थितीत परत देण्यात यावीत. व (दोन) माझी पत्नी शिवबाई हिचे माहेर, जे माझ्या कृतीमुळे बंद झाले आहे, ते पुढील पंचमीपूर्वी पूर्ववत सुरू करण्यात यावे. मुलगी मात्र आहे तेथेच राहील.

कळावे, योग्य त्या कार्यवाहीस्तव सविनय सादर."